न भेटलेला शेवटचा चेहरा

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. घर आवरून कायमचे तुझ्याकडे राहायला यावे, ही तुझी सूचना मी दोनदा वाचली. वकिली शिकून वकिली केली नाही, तरी प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण ऐकल्याखेरीज उत्तर देऊ नये, एवढे अंगात मुरले आहे. उत्तर नकाराचे आहे. कारणे ऐक.

तू म्हणतेस, तुझी वहिनी वारल्यापासून मी एकटा आहे. मान्य. तू म्हणतेस, जेवणाची आबाळ होते. होते, परंतु ती माझ्या स्वयंपाकामुळे, घरामुळे नव्हे, आणि माझा स्वयंपाक मी जिथे जाईन तिथे माझ्या पाठोपाठ येईल. उरला कामाचा मुद्दा, आणि खरा मुद्दा तोच.

माझा नियम तुला ठाऊक आहे : ज्याला भेटलो, त्याचे व्यंगचित्र पुन्हा काढायचे नाही. तू याला खूळ म्हणतेस. हा नियम मी हौसेने केला नाही. तो माझ्यावर लादला गेला. आधी ती थोर गायिका. वर्षानुवर्षे मी तिचे उघडे तोंड बोगद्याएवढे काढत होतो, आत आगगाडी शिरावी असे. एके दिवशी दंतवैद्याच्या बाहेरच्या खोलीत ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि ओळख ना पाळख, गालाला रुमाल दाबून विचारू लागली की दाढ काढताना फार दुखते का. मी नाही म्हणालो. थोड्या वेळाने आतून तिचे कण्हणे ऐकू आले. त्यानंतर तो बोगदा माझ्या हातून उतरला नाही. मग तो क्रिकेटचा संघनायक. त्याची छाती मी पिंपासारखी काढत असे. आमच्या कचेरीची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली, दिवा गेला, आणि दार उघडेपर्यंत त्याने माझी बाही घट्ट धरून ठेवली होती. त्याच्याही चित्राला मी तिथेच मुकलो. ज्याची भीती आपण जवळून पाहिली, त्याची थट्टा करताना पेन्सिल ओशाळते. आणि ओशाळलेल्या पेन्सिलीने व्यंगचित्र होत नाही, फार तर शुभेच्छापत्र होते.

पुढे मीच माणसे टाळू लागलो. समारंभाला कोणी मोठा माणूस आला की मी मागच्या दाराने बाहेर. तुझी वहिनी कित्येक मेजवान्यांत माझ्या रिकाम्या खुर्चीशेजारी जेवली. तिने तक्रार केली नाही. फक्त पुढे पुढे यायचेच सोडले.

आता माझ्या काळचे बाकीचे चेहरे एकतर मला भेटले, नाहीतर वारले. नवे मला सापडत नाहीत. सगळे एकाच फोटोवाल्याकडून काढून आणल्यासारखे. उरले एकटे ते जुने पुढारी, भुवयासाहेब. हे नाव वहिनीने ठेवलेले, कारण मी त्यांच्या भुवया दोन केरसुण्यांसारख्या काढतो. त्यांची सत्ता गेली, निवेदने गेली नाहीत. ती ते वर्तमानपत्रांकडे धाडतात आणि रविवारी संपादक त्यांच्यावरचे माझे चित्र छापतात. ते मी याच टेबलाशी, याच खिडकीच्या उजेडात काढतो. टेबल हलवले तर हात चालेल याची खात्री नाही. ते एक चित्र गेले तर मी व्यंगचित्रकार उरत नाही, नुसता म्हातारा उरतो.

सबब, सूचना अमान्य. वाद घातला म्हणून लोभात कपात करू नये, ही विनंती.

तुझा,
दादा

---

दि. १३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

निकालपत्र मिळाले. न्यायाधीश, वकील आणि आरोपी तिन्ही तूच, तेव्हा निकाल काय लागणार हे मला पाकीट फोडण्याआधीच कळले होते. तरी अपील करते. गणिताच्या बाईने शिकवणी सोडली म्हणून हट्ट सोडलेला नाही.

इकडचे सर्व ठीक. चिरंजीव आणि सूनबाई नव्या गावी रुळले. नातीचा पुढचा दात पडला. तो तिने फोनवर इतका जवळ धरला की मला नुसते पांढरे दिसले. वरची खोली रंगवून घेतली आहे. रंग तुला आवडणार नाही, पण तुला कुठला आवडतो?

आता ऐक. माझ्या गुडघ्यासाठी मी व्यायामाच्या दवाखान्यात जाते. तिथे खाटा ओळीने मांडलेल्या असतात आणि आम्ही सगळे पाय वर करून पडलेले असतो. शिकवणाऱ्या मुलीला मी सांगत होते की माझा भाऊ चित्रे काढतो, आणि त्यासाठी साऱ्या जगाशी अबोला धरून बसला आहे. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ मान उचलून बघू लागले. त्यांनी तुझे नाव विचारले. दादा, ते भुवयासाहेब होते. मुलीकडे राहायला आले आहेत, कुठे गाजावाजा नाही. आवाजावरून ओळखले, नाहीतर ओळखूच आले नसते, कारण औषधांनी त्यांच्या भुवया पार गेल्या आहेत. एक केस नाही. कपाळ आणि डोळे यांच्यामध्ये कुंपणच नाही, असे दिसते.

तुमचे भाऊ इकडे कधी येतात का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, बोलावते. तेव्हा एका फेरीत दोन कामे होतील. टेबल इथेही मिळते आणि सूर्य इथेही उगवतो.

रागावलास तरी उत्तर पाठव. रागाचे पत्रही मला चालते.

तुझी,
धाकटी

---

दि. २४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि.

रागावलो नाही. तू काय केलेस ते फक्त नोंदवतो.

ऐकीव पुरावा न्यायालयात ग्राह्य नसतो. भुवयासाहेबांना तू भेटलीस, मी नाही. म्हणून माझा नियम शाबूत आहे, असे मी शुक्रवारी स्वतःला बजावले आणि टेबलाशी बसलो. युक्तिवाद बिनतोड होता. हाताने तो ऐकला नाही. केरसुण्या काढल्या, पण सोंगाड्याला मिशा चिकटवाव्यात तशा त्या वर राहिल्या, चेहऱ्यात उगवल्या नाहीत. पुसल्या. पुन्हा काढल्या. संध्याकाळपर्यंत कागदाला भोक पडायची वेळ आली, तेव्हा तेच पाठवून दिले.

रविवारी ते छापून आले. संपादकांचा निरोप आला की नेहमीप्रमाणे उत्तम. वाचकांचे एकही पत्र नाही. मी इतकी वर्षे मानत होतो की खोटी रेघ काढली तर निदान चार माणसे दाराशी येऊन जाब विचारतील. कोणी आले नाही. दिवसभर मी बेलकडे कान लावून होतो, हे तुला सांगायला हरकत नाही.

तुझे अपील तूच दुबळे केलेस, हेही लक्षात घे. ज्या गावात तो शेवटचा माणूस तुझ्या शेजारी पाय वर करून पडतो, त्या गावात मला पाऊल टाकता येणार नाही. यापुढे त्यांच्याविषयी एक अक्षर कळवू नकोस. तुझ्या गुडघ्याविषयी मात्र सविस्तर लिही.

माया आहे, ती अशीच असू दे.

तुझा,
दादा

---

दि. ६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गुडघा पूर्वीसारखाच कुरकुरतो. सविस्तर संपले.

तुझी आज्ञा मोडून लिहिते आहे, कारण हे माझे म्हणणे नाही, त्यांचे आहे, आणि ते तुला पोहोचवायचे मी कबूल केले आहे. तू का येत नाहीस, काही राग आहे का, असे त्यांनी विचारले. मी तुझा नियम सांगितला. ते इतके हसले की शिकवणाऱ्या मुलीने येऊन त्यांचा पाय खाली ठेवला. मग म्हणाले, सुरुवातीला घरचे लोक ते चित्र त्यांच्यापासून लपवत. आता ते स्वतः रविवारी आधी तेच पान उघडतात. त्यांना भेटायला कोणी येत नाही. आरशात बघितले तर कोणी परकाच बसलेला दिसतो. रविवारी मात्र त्या पानावर ते असतात, भुवयांसकट. नंतर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, बाई, भावाला सांगा, येऊ नका. तुम्ही आलात तर मी त्या पानावरूनही जाईन.

म्हणजे तुम्ही दोघे शहाणे एकमेकांना न भेटण्यावर एकमत करून मोकळे झालात, आणि मधल्या मध्ये मी.

दादा, तू लहानपणापासून मला वादात हरवत आला आहेस. यावेळी तू जिंकलास खरा, पण मी न मांडलेल्या मुद्द्यावर. तू एकटा आहेस म्हणून ये, असे मी लिहिले, कारण तसे लिहिणे सोपे होते. तुझी आबाळ, तुझे जेवण, तुझे घर. चिरंजीव नव्या गावी गेल्यापासून माझ्या घरात संध्याकाळी दिवा लावला की तो नुसता लागतो. लावलास का, म्हणून कोणी विचारत नाही. वरची खोली मी तुझ्यासाठी रंगवली नाही. रंगारी आले म्हणजे चार दिवस घरात बोलणे असते, म्हणून रंगवली.

आता याला नकार द्यायचा असेल तर दे, पण याच मुद्द्याला दे.

तुझी,
धाकटी

---

दि. १५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मिळाले.

क्रमाने लिहितो. पहिले, या रविवारच्या चित्रात मी भुवयासाहेबांच्या भुवया नेहमीपेक्षा दाट काढल्या आहेत. त्या नाहीत हे ठाऊक असताना, तो माणूस पान उघडून त्या शोधेल म्हणून काढल्या. याला व्यंगचित्र म्हणत नाहीत. दुसरे, माया पेन्सिलीत शिरू नये एवढ्यासाठी माझा नियम होता. भेट न होताच ती शिरली. तेव्हा नियम ज्यासाठी होता ते राखायचे आता उरले नाही, आणि त्या नियमापायी इथे राहण्याचे कारणही उरले नाही. तिसरे, तुझ्या खऱ्या मुद्द्याला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. तो आधी मांडला असतास तर टपालाचे बरेच हेलपाटे वाचले असते. परंतु तो तुला मांडावा लागला, हे मला शोभले नाही.

मी येतो. ड्रॉइंग बोर्ड बरोबर आणतो आहे. खिडकी टेबलाच्या डाव्या हाताला असू दे, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. भुवयासाहेबांना भेटणार नाही. आता तो नियम नाही, त्यांची विनंती आहे. मी गावात आहे हे त्यांना सांगू नकोस, उगाच दचकत राहतील. तू व्यायामाला जाशील तेव्हा मी घरात थांबेन. केरसुण्या चालू राहतील, त्यांना हव्या असतील तोवर.

एक गोष्ट क्रमात बसत नाही. घरच्या माणसांना माझा नियम कधीच लागू नव्हता, म्हणून काल तुझे चित्र काढायला बसलो. दोन वेण्या आल्या, शाळेचे दप्तर आले, शाईचा डाग पडलेली बाही आली. त्यापुढे पेन्सिल सरकेना. आपण शेवटचे भेटलो ते वहिनी गेली तेव्हा, आणि त्या दिवशी मी कोणाच्याच तोंडाकडे पाहिले नाही. तुझा आजचा चेहरा माझ्याकडे नाही.

गाडी महिनाअखेरच्या सोमवारी दुपारी पोहोचते. गुडघा घेऊन फलाटावर धावाधाव करू नकोस. दाराजवळच्या बाकावर बस आणि मला पाहिलेस की तूच हात वर कर.

भेटीअंती लोभ वाढावा.

तुझा,
दादा