शाल नको, काका

आई, तुला लिहायचं मी तीन कॉलेजांपासून टाळतोय. पहिल्या कॉलेजात म्हटलं, जरा नाव होऊ दे, मग लिहू. दुसऱ्यात थोडं नाव झालं, तर वेळ नव्हता. तिसऱ्यात ज्या दिवशी लिहायला बसलो त्याच दिवशी आमचा कोच दुसरीकडे निघून गेला, आणि मग जे लिहिलं असतं ते सगळं शिव्यांचंच झालं असतं. आता मी कुठल्याच कॉलेजात नाहीये. टेक्सासपासून खूप लांब, अल्फारेटामधल्या एका पार्कच्या कडेला गाडीचं मागचं दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून बसलोय आणि फोनवर टाइप करतोय. मराठी तू शिकवलीस तेवढीच येते, ओट्यावरच्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवून शिकवलीस तेवढी. त्यामुळे हळद, हिंग, मोहरी एकदम शुद्ध लिहितो, बाकीचं चालवून घे.

इथे का बसलोय ते आधी सांगतो, नाहीतर माझं नेहमीचं होईल, भलतीकडेच भरकटेन. तू गेल्यावर कॉलेज फुटबॉलमध्ये, म्हणजे इथल्या लांबट बॉलच्या खेळात, दोन गोष्टी उलट्यापालट्या झाल्या. पूर्वी खेळाडूला स्कॉलरशिप सोडून बाहेरच्या कुणाकडून साधं जेवण घ्यायची चोरी होती. आता तो जाहिराती करतो, स्वतःच्या नावाचे पैसे घेतो, उघडपणे. आणि पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसायची शिक्षा असायची. आता पोर्टल म्हणून एक ऑनलाइन यादी आहे, तिच्यात नाव टाकायचं, दुसऱ्या कॉलेजने घेतलं की पुढच्याच सीझनला खेळायचं. मी तिसऱ्यांदा नाव टाकलंय. खेळायचं एकच वर्ष उरलंय. लांबच्या एका कॉलेजच्या कोचला माझ्या किक बघायच्यात, पण त्याची अट आहे: स्टँडवर ठेवलेला बॉल नको, मॅचमध्ये असतो तसा माणसाने धरलेला हवा, आणि व्हिडिओ आज संध्याकाळपर्यंत हवा. उद्या तो दुसरा कुणीतरी घेणार. म्हणजे आजचा दिवस गेला की माझं फुटबॉल संपलं. पाय तयार आहे, आई. धरायला माणूस नाहीये.

मी जिच्याकडे राहतोय ती मावशी म्हणजे तुझी ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधली मैत्रीण, ती आता इकडे असते. काल तिला विचारलं, "मावशी, पाच मिनिटं बॉल धरशील?" ती थालीपीठ थापत होती. म्हणाली, "मला नाही बाबा जमणार. माझं बोट मोडलं तर आमचे हे उपाशी मरतील." मग थालीपीठ तव्यावर टाकत, "तुझी आई म्हणजे वेडी होती. आम्ही सगळ्या तिला म्हणायचो, अगं, त्या पोराचा नेम चुकला तर? तर म्हणायची, तो चुकेल, पण मी हलणार नाही." हे मला माहीत नव्हतं. थालीपीठ मात्र छान झालं होतं, तुझ्यापेक्षा जास्त लसूण.

तू खरंच हलायची नाहीस. सातवीत शाळेच्या कोचने मला सॉकर खेळताना बघितलं आणि तुला म्हणाला, याला फुटबॉलला पाठवा, फक्त बॉल लाथाडायचा, कुणाच्या अंगावर जायचं नाही. 'कुणाच्या अंगावर जायचं नाही' एवढं ऐकून तू हो म्हणालीस. मग आपण दोघं घरामागच्या पार्कात. टेक्सासचा जून, हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटलेली, आणि तू पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला खोचून गवतात गुडघे टेकून बसलेली. तिकडच्या लाल मुंग्या चावतात म्हणून गुडघ्यांखाली घडी केलेली एक शाल. हिरवी, जरीच्या काठाची. बॉल उभा करायचा, वर एक बोट, शिवणीवरची पांढरी लेस गोलपोस्टकडे फिरवलेली, माझ्याकडे नाही. लेसवर पाय बसला की बॉल वाकडा जातो, हे तू कुठलेतरी व्हिडिओ बघून मला शिकवलंस. मग तू म्हणतेस, "हं!" आणि मी धावतो. तुझ्या बोटांची हळद लेसला लागायची. शाळेत कोचने विचारलं, हा पिवळा डाग कसला? मी म्हटलं, लंच.

ती शाल महाराष्ट्र मंडळाने दिलेली होती. खरं तर मला तिच्याबद्दलच लिहायचंय, बाकी सगळं वाटेत आलं. गणपतीत तू मंडळासाठी उकडीचे मोदक करायचीस, घरात चार-चार दिवस वाफ असायची, मी नारळ खवायला बसायचो आणि खोबऱ्यात घालायचा अर्धा गूळ खायचो. मंडळाचे अध्यक्ष काका येऊन एक मोदक तोंडात टाकायचे. "वहिनी, अन्नपूर्णा आहात तुम्ही, अन्नपूर्णा!" भात-भाजी ह्यूस्टनच्या केटररकडून यायची. त्याला हॉलच्या दारातच चेक मिळायचा, तुझ्या समोर. तुला स्टेजवर बोलवायचे, टाळ्या, शाल आणि नारळ. परत येताना गाडीत तू म्हणालीस, "अहो, एवढ्या शालींचं मी करू काय? ह्यूस्टनला थंडी कुठे पडते?" मी मागे खोखो हसलो. बाबा म्हणाले, "सेवा असते गं ती. सेवेचे कुणी पैसे घेतं का?" तू हसली नाहीस. दुसऱ्या दिवशी त्यातली एक शाल गुडघ्यांखाली आली.

तुझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, माहीत आहे. तुला पैसे घेता आलेच नसते. पण नियमामुळे न घेणं वेगळं, आणि नियम आहे म्हणून समोरच्याला हायसं वाटणं वेगळं. ते हायसं वाटणं मला ओळखता येतं. पहिल्या कॉलेजात मी स्कॉलरशिपशिवाय खेळायचो, आणि तिथले लोक अगदी काकांच्या आवाजात सांगायचे, इथे सगळे खेळावरच्या प्रेमासाठी येतात. स्टेडियमच्या पार्किंगला पैसे, पाण्याच्या बाटलीला पैसे, टीव्हीवाल्यांचे तर विचारूच नकोस. प्रेमाने फक्त आम्ही यायचं. हे ऐकलं की मला नारळ दिसायचा.

म्हणून पोर्टल निघाल्यावर मी निघालो. दुसऱ्या कॉलेजात स्कॉलरशिप मिळाली आणि पहिली जाहिरातही. कशाची, सांग? गाद्यांच्या दुकानाची. कॉलेजचा लोगो वापरायची परवानगी नव्हती, म्हणून साधा पांढरा टी-शर्ट घालून मी एका उशीला किक मारतो, उशी दुकानभर उडत जाते आणि मी गादीवर आडवा पडून म्हणतो, "गुड नाइट!" इतकंच. त्या चेकवर माझं नाव टाइप केलेलं होतं, स्पेलिंग चुकीचं. तुला ती जाहिरात इतकी आवडली असती की तू मावश्यांना घरी बोलवून दाखवली असतीस.

त्याच वर्षी शेवटच्या सेकंदाला मी एक किक मारली, मॅच जिंकलो, टीव्हीवर आलो. आठवड्यात काकांचा फोन. "अरे वा, हीरो! दिवाळीच्या कार्यक्रमाला यायचं हं. तुझा सत्कार ठेवलाय. मुलं तुझ्याबरोबर फोटो काढतील, मागे आपल्या स्पॉन्सरचा बॅनर असेल, बस."

"नक्की येतो, काका. मानधन किती?"

"मान... अरे, घरचं कार्य आहे आपलं!"

"स्पॉन्सर पण घरचा आहे?"

"हे बघ, तुझ्या आईने कधी असं विचारलं नाही."

"आईला विचारता येत नव्हतं, काका. मला येतं. शाल नको, चेक द्या. नारळ ठेवा तुम्ही, प्रसादाला होईल."

काकांनी फोन ठेवला आणि लगेच बाबांना लावला. मग बाबांचा मला. "चार लोकांत नाक कापलंस माझं. लोक विचारतात, मुलगा कुठल्या कॉलेजात असतो, तर मी काय सांगू, या महिन्यात का पुढच्या? मी एका कंपनीत आयुष्य काढलं." मी म्हटलं, "काढलं नाही, बाबा. काढावं लागलं. ग्रीन कार्डाची लाइन सोडता येत नव्हती म्हणून. तुम्हाला पोर्टल नव्हतं." बाबांनी कॉल कट केला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. ते वाक्य मी मागे घेणार नाही, आई. ते बाबांच्या विरुद्ध नव्हतंच, त्यांच्या बाजूने होतं. त्यांना तसं ऐकू आलं नाही, हा भाग वेगळा.

आता तू म्हणशील, मग तिसरं का सोडलंस? तिकडे मला ज्या कोचने घेतलं तो सीझन संपायच्या आत मोठ्या कॉलेजला गेला, आम्हाला एक मेसेज टाकून. पेपरवाल्यांनी लिहिलं, त्याची प्रगती झाली. नवा कोच स्वतःचा किकर घेऊन आला आणि मला म्हणाला, स्कॉलरशिप नाही देता येणार, पण तू राहा, आपण फॅमिली आहोत. फॅमिली! मी त्याला मोदकांची गोष्ट सांगणार होतो, पण मोदक समजावण्यातच सगळा वेळ गेला असता. पोर्टलमध्ये नाव टाकलं. एकदा माझ्या जुन्या कॉलेजच्या स्टेडियमवर दुसऱ्या टीमकडून खेळायला गेलो होतो, तर कुंपणाजवळचा एक आजोबा ओरडला, "भाडोत्री!" मी त्याच्याकडे बघून हात हलवला. भाड्याने घेतलेल्याला निदान भाडं तरी मिळतं, आजोबा.

सगळं गोड नाहीये, ते पण सांगतो. प्रत्येक बदलीत माझे निम्मे कोर्स नवीन कॉलेजात धरलेच नाहीत, डिग्री अजून लांब आहे. किकच्या आधी पायांमधून बॉल मागे फेकणारा टीममधला माझा मित्र गुडघा दुखत असताना पोर्टलमध्ये गेला, कुणीच घेतला नाही, आता टायरच्या दुकानात आहे. कदाचित संध्याकाळनंतर मीसुद्धा तिथेच. लोक म्हणतात, बघा, म्हणूनच एका जागी राहायचं असतं. मी म्हणतो, एका जागी राहून तुला काय मिळालं? कपाटभर शाली. दार उघडलंय तर मी जाणार. पलीकडे खड्डा निघाला तरी तो मी निवडलेला असेल.

हे पाठवायचं कुठे, हा प्रश्नच आहे. तुझा नंबर आता दुसऱ्या कुणाचा तरी आहे, एकदा लावून बघितला होता, एक बाई "हॅलो" म्हणाली आणि मी ठेवला. एक मात्र सांगून टाकतो, कुणाला सांगितलं नाहीये: लोखंडी स्टँडवर बॉल ठेवला की मी अजून थांबतो, "हं!" येईपर्यंत. येत नाही. मग मीच हळूच म्हणतो.

थांब, एक गाडी येऊन उभी राहिली. टेक्सासची नंबरप्लेट.

बाबा आहेत, आई. मावशीने काल फोन केला असणार, आणि हा माणूस रात्रभर ड्राइव्ह करून आला असणार, शर्ट पाठीला चिकटलाय. सॉरी नाही, कसा आहेस नाही. डिकी उघडून हिरवी शाल काढली. मला वाटायचं, जुनी गाडी विकताना ती गेली. माझ्या हातातला बॉल घेतला आणि एवढंच विचारलं, "बोट कुठे ठेवायचं?" मी वरती दाखवलं. आता गवतात जाऊन शालीची घडी नीट करून त्यांनी गुडघे टेकलेत, बॉल उभा केलाय, माझी वाट बघतायत. लेस माझ्याकडे केलीय. जाऊन सांगतो.