वरच्या डिव्हिजनचा स्वयंपाक

माय, आपल्या कॉलेजच्या फुटबॉलच्या मॅचेस आता रेडिओवर लागतात. आपल्याच मैदानावरून थेट, सगळ्या विदर्भात ऐकू जातात, आणि त्या सांगणारी मी आहे. हे आधी सांगून टाकते, कारण तुला बातमी सरळ लागायची. कोणी आडून आडून बोलायला लागलं की तू पळी खाली ठेवायचीस आणि म्हणायचीस, "झालं काय थे सांग ना."

झालं ते असं. दोन हिवाळ्यांपूर्वी आपल्या पोरांनी माजरीच्या संघाला हरवून जिल्ह्याची स्पर्धा जिंकली. माजरीकडे खाणीची कॉलनी, सपाट मैदान, सगळ्यांच्या पायात सारखे बूट. आपल्याकडे मैदानाच्या एका कडेला मोहाचं झाड आणि दुसऱ्या कडेला कोणाची तरी म्हैस. रेडिओवाले त्या दिवशी भलत्याच कामासाठी गावात आले होते, धानाच्या बियाण्याबद्दल शेतकऱ्यांशी बोलायला. गर्दी पाहून थांबले. त्यांच्या साहेबांनी विचारलं, काय चाललंय ते कोणी नीट सांगेल का, आणि आपल्या क्रीडा शिक्षकांनी मला पुढे ढकललं. पहिली दहा मिनिटं मी अगदी पुस्तकासारखी बोलले. मग आपल्या मधल्या पोराने चेंडू भलतीकडेच दिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे बापा, डाव्या बाजूले कोणीच नाई, अन् हा तिकडेच देऊन राह्यला." साहेबांनी कपाळाला हात लावला. पण आठवड्याने त्यांचाच फोन आला. लोक विचारत होते, ती पोरगी परत कधी बोलणार. मागच्या हिवाळ्यात त्यांनी आपल्या मैदानावरच्या सगळ्या मॅचेस घेतल्या.

तू असतीस तर तुला हे ऐकून हसू आलं असतं. नागभीडच्या स्टेशनवर मी चहा मागितला, तर भजी तळणारा माणूस झारा तसाच कढईवर धरून माझ्याकडे बघत राहिला. "तुमीच का त्या रेडिओवाल्या?" म्हटलं, हो. "आवाजावरून वयखलं. एक सांगू का बाई? तुमचा डावा बॅक बदला." शेजारचा म्हातारा लगेच म्हणाला, "काऊन बदलाचा? पोट्टा लहान हाये. शिकन." गाडी येईपर्यंत दोघं भांडत होते, आणि दोघांपैकी एकानेही आपलं मैदान कधी पाहिलेलं नव्हतं. माझ्या सांगण्यावरून त्यांनी ते मनात उभं केलं होतं. त्या दिवशी मला कळलं, की मी लहानपणी तुझ्यासाठी जे करत होते तेच आता हजार घरांसाठी करते आहे.

मी आठ वर्षांची आहे. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तू दोन चुलींमध्ये बसली आहेस आणि तुझी पाठ खिडकीकडे आहे. खिडकीतून मैदान दिसतं, पण तुला वळायला सवड नाही. पोरं खेळून आली की त्यांना ताट तयार लागतं. माझी हनुवटी खिडकीच्या चौकटीपर्यंतही पोचत नाही, म्हणून तू सुताराकडून माझ्यासाठी स्टूल करवून घेतला आहेस, आलापल्लीहून आलेल्या सागाच्या उरल्यासुरल्या तुकड्याचा. वाढदिवस वगैरे आपल्याकडे नव्हते. तू तो एका दुपारी खिडकीखाली ठेवलास आणि म्हणालीस, "आता नीट दिसन तुले. सांगत जा." मी त्याच्यावर चढून सांगते. चेंडू कोणाकडे, कोण पडला, पंचाने कोणाला झापलं. तू कांदा चिरता चिरता विचारतेस, "अन् तो उंच पोट्टा? दोन दिवस झाले, जेवून नाई राह्यला धड. धावते का?" मी म्हणते, नाही धावत. तू मान हलवतेस, आणि त्या रात्री त्याच्या ताटात भाताचा ढीग असतो. पोरांना वाटायचं मावशीला सगळं न बघता कळतं.

आणि तो अंड्यांचा दिवस. आठवड्याला अंडी एकदाच यायची आणि ती कधी करायची हे तू ठरवायचीस. जिंकले की अंड्याचा रस्सा, हरले की वरण-भात. त्या दिवशी आपण एका गोलने पुढे होतो, थोडाच वेळ उरला होता, आणि मला बाहेर खेळायला जायचं होतं. मी म्हटलं, "संपलं, जिंकले," आणि पळाले. तू सगळी अंडी उकडायला टाकलीस. उरलेल्या वेळात आपल्यावर दोन गोल झाले. पोरं खाली मान घालून आली आणि दारातच अडली. आत रश्श्याचा वास दरवळत होता. कॅप्टन म्हणाला, "मावशी, आमी हारलो." तू त्याच्याकडे पाहिलंसही नाहीस. "मले मालूम हाये. हारल्यावर भूक जास्त लागते. बसा." सगळी जेवली, एकाने तर तीनदा भात घेतला. भांडी घासताना तू मला समोर बसवलंस. मारलं नाहीस. म्हणालीस, "जे झालं थे सांगाचं. जे होईन थे नाई. तुह्या भरोशावर मी चूल पेटवतो." एवढंच. पण त्यानंतर हरलेल्या दिवशीही अंडी व्हायला लागली, आणि हा नियम तू का बदललास ते मी तुला विचारलं नाही.

तू गेलीस तेव्हा मी अकरावीत होते. तू गेल्यावर वर्षभरात स्वयंपाकघराला कुलूप लागलं. तेव्हापासून जेवण गावातून डब्यात येतं, ठेक्यावर. मी शिकत राहिले. तू चौथी, बाबा सातवी, आणि घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. पुढे एम.ए. झाले तेव्हा विहारात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मामी म्हणाली, "आता हे पोरगी कायले राह्यते इथी." मी राहिले. आपल्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. शिकलेला माणूस गाव सोडूनच मोठा होतो, हे मला कधी पटलं नाही, आणि ते खोटं ठरवून दाखवायची माझी इच्छा आहे. तू म्हणशील, लई मोठ्या गोष्टी करून राह्यली. असू दे.

तर आता मुद्द्यावर येते. रेडिओमुळे नाव झालं आणि या एप्रिलमध्ये आपल्याला वरच्या डिव्हिजनमध्ये यायचं का, असं विचारणारं फुटबॉल संघटनेचं पत्र आलं. वरच्या डिव्हिजनचे सामने नागपूरला, मोठ्या मैदानावर, समोर मोठी कॉलेजं. रेडिओवाले म्हणाले, तुम्ही वर गेलात तर तिथले सामनेही आम्ही घेऊ. कॉलेजात आनंद झाला आणि त्या आनंदातच थोडी भीतीही शिरली. प्राचार्यांच्या खोलीत सभा भरली. संस्थेचे सचिव, प्राचार्य, क्रीडा शिक्षक, आपला गोलकीपर जो कॅप्टनही आहे, आणि मी. सचिवभाऊंचा प्रस्ताव साधा होता. वर जायचं, पण बाहेरून सहा तयार खेळाडू आणायचे, त्यांना वसतिगृहात जागा द्यायची, आणि आपली सहा पोरं कमी करायची. "पहिल्याच वर्षी आपटलो, अन् थेही रेडिओवर, तं तोंड कुठी लपवाचं?" ते म्हणाले. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

गोलकीपर आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावचा आहे. त्या दिवशी पहाटेपासून आईबरोबर मोहफुलं वेचून, मग बस धरून आला होता. सचिवभाऊंनी त्याला विचारलं, "तुले काय वाटते?" तो उभा राहिला. "मी तं आता शेवटच्या वर्षाले जाईन भाऊ. मले काढा, चालते. पण डाव्या बाजूचा पोट्टा पहिल्या वर्षाचा हाये. त्याले काढलं तं तो कॉलेजच सोडन. त्याच्या घरून कोणी नाई शिकलं अजून." आणि तो खाली बसला. मला त्या डाव्या पोराचा चेहरा दिसत होता. माय, मला वर जायचंच होतं. पण त्या पोराला इथे ठेवून वर जायचं नव्हतं.

प्राचार्य माझ्याकडे वळले. "मॅडम, सगळ्या मॅचेस पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्हीच पाहिल्यात. आपली पोरं टिकतील?" मी माझी वही उघडली. बोलताना मी वहीत टिपत जाते, कितव्या मिनिटाला काय झालं ते. मी म्हटलं, "सर, पहिला तास आपण कोणालाही ऐकत नाही. आपल्यावर झालेले बहुतेक गोल शेवटच्या वीस मिनिटांतले आहेत. पोरांना खेळ येतो. त्यांचे पाय संपतात." मग गोलकीपरला विचारलं, शेवटच्या मॅचच्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतंस? तो लाजला. "दोन पोळ्या, मॅडम. डबा उशिरा आला थ्या दिवशी." मी सचिवभाऊंना म्हटलं, "भाऊ, सहा खेळाडू आणण्याआधी एक चूल पेटवून पाहा. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचं कुलूप काढा. एक वर्ष आपल्याच पोरांना पोटभर खाऊ घालून वर खेळवू. नाही जमलं तर पुढच्या वर्षी तुमचे सहा आणा, मी आडवी येणार नाही."

ते हसले. "म्हणजे फुटबॉलची टीम स्वयंपाकघरात बनते का?"

"आधी तिथंच बनत होती," मी म्हटलं.

तुला ठाऊक आहे का, हे सचिवभाऊ कोण? ते याच वसतिगृहात राहून शिकले. तुझ्या पंगतीला बसलेले. ते प्राचार्यांना सांगायला लागले, "सर, तुमी नव्हते तेव्हा. इथी एक बाई होती. साधं वरण, पण माणूस उठत नसे ताटावरून." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "पण तुह्या मायसारखा हात आता कुठून आणाचा?" सभा तिथेच अडली होती. एका बाजूला सहा नवी नावं, दुसऱ्या बाजूला आपली सहा पोरं, आणि मध्ये तुझं वरण. मी जराही न थांबता म्हटलं, "पद्धत मला पाठ आहे, भाऊ. नवीन बाई ठेवा, मी शिकवते."

ठरलं. आपण वर चाललो आहोत. आपलीच पोरं घेऊन, एका वर्षासाठी. अर्ज गेला आहे. डाव्या बाजूचा पोट्टा सध्या रोज पहाटे मैदानाला चकरा मारतो, क्रीडा शिक्षक त्याला शिव्या देत मागे सायकलवर असतात. आम्ही आणखी एक ठरवलं आहे. धान कापणी आणि सामने एकाच महिन्यात येतात, तर ज्याची कापणी राहिली असेल त्याच्या शेतावर, बांधीत, रविवारी अख्खी टीम विळे घेऊन जाणार, म्हणजे सामन्याच्या दिवशी कोणाचा बाप अडवणार नाही. मला भीती वाटत नाही. आपण काही सामने हरू, पहिले दोन-तीन तर नक्कीच, आणि ते मी रेडिओवर जसे हरलो तसे सांगीन. पण शेवटच्या वीस मिनिटांत आपली पोरं उभी असतील, याबद्दल मला शंका नाही.

परवा स्वयंपाकघराचं कुलूप काढलं. जाळी झटकली, चुली सारवल्या. नागभीडकडची एक बाई ठेवली आहे, मोठ्या पंगतींचा स्वयंपाक केलेली, बोलायला तोंडाळ, कामाला पक्की. कॉलेज उघडायच्या आधी एकदा करून पाहू म्हणाली. डाळीच्या पिंपासमोर उभी राहून तिने मला विचारलं, "सांगा बाई, तुमच्या मायची रीत. डाळ तुरीची का लाखोरीची? का दोन्ही मिसळून? लसूण आधी का मागून? मी तशीच करतो, तुमी फक्त सांगा." मी म्हटलं, आज गडबड आहे, उद्या सांगते. काल पुन्हा तेच म्हटलं. ती माझ्याकडे जरा निरखून बघत होती.

दोन संध्याकाळी मी घरी करून पाहिलं. एकदा लसूण जळाला. एकदा दोन्ही डाळी मिसळल्या, खाण्याजोगं झालं, पण ते कोणाचंही वरण होतं. बाबांनी मुकाट्याने खाल्लं. त्यांना विचारलं तर म्हणाले, मले काय माहीत, मी जेवणारा माणूस. उद्या सकाळी त्या बाईला खरं काय ते सांगीन आणि आम्ही दोघी मिळून तिची रीत बसवू. पोरं ते खातील आणि धावतीलही. सचिवभाऊंना मात्र मी सांगितलेलं नाही, आणि इतक्यात सांगणारही नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही म्हणून इथे लिहिते. माय, मी सभेत खोटं बोलले. मला तुझं वरण येत नाही. इतकी वर्षं त्या स्वयंपाकघरात होते, पण तू रांधताना तुझ्या हातांकडे मी एकदाही पाहिलं नाही.