बोर्डिंगच्या तांदळाचं गाडगं

गोंदिया, ऑक्टोबर १९४३

सौ. दुलारीस बिसरामचे आशीर्वाद.

माझा खोकला कमी आहे, काळजी करू नको. आपल्या शामकलाचा ताप उतरला का?

बोर्डिंगात चौदा मुलं आहेत आणि तांदूळ आठवडाभराचा. मग सगळ्यांना घरी धाडावं लागेल. उपाशीपोटी कशी पळवू, म्हणून संध्याकाळची कवायत बंद केली. रोज स्वयंपाकाआधी आमच्यासाठी मूठभर तांदूळ गाडग्यात टाकणाऱ्या बायांनी, धान महागल्यापासून गाडगी पालथी ठेवली आहेत. काल एक म्हणाली, "बुढ्या, दुसऱ्याचे पोरं कायले पोसून राहिला? घरी जा."

मी घरून निघताना तूही पोरांबद्दल हेच म्हणाली होतीस.

सोमवारी सालेकशाला मूठ मागायला येतो आहे. पहिलं दार आपलंच घेईन. माझ्यावर राग असला तरी गाडगं पालथं ठेवू नको. सोबत मुलं असतील.

बिसराम