विहिरीचा नंबर

मु. बसणी, रत्नागिरी
दिवाळीनंतरचा सोमवार

प्रिय आत्माराम,

दचकू नका. डॉक्टरांनी तुम्हाला दचकायला मनाई केली आहे. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली, तुमचं नाव मी एकदाच घेतलं, तेही तुमच्या बहिणींनी उंबऱ्यावर वाट अडवली म्हणून. आज कागदावर लिहिते आहे, कारण समोर असतात तर जीभ रेटली नसती. आणि पनवेलला फोन करून बोलायचं म्हटलं, तर तुम्ही "बरं आहे, बरं आहे" म्हणता आणि फोन वेदिकाकडे देता. सून गुणाची आहे हो, पण मला माझ्या नवऱ्याशी बोलायचं आहे. पत्र काही असं अर्ध्यावर दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, म्हणून पत्र.

आधी घरची खबर. संडासात कमोड बसवून घेतला. तुम्ही नाक मुरडणार, ठाऊक आहे. आपल्या संदेशने मागे सुचवलं तेव्हा "मी काय लंगडा झालो?" म्हणून त्याला फाडून खाल्लं होतंत, आणि मीही तुमचीच री ओढली होती. आता मेलं तिथून उठावंसं वाटत नाही! शेजारच्या भिंतीला धरायला दांडाही लावला आहे, चांगला भक्कम, मी लोंबकळून पाहिला. बंब माळ्यावर टाकला आणि गॅसचा गिझर घेतला. पहिल्या दिवशी तो भक्कन पेटला, तशी मी ओल्या लुगड्यानिशी अंगणात धावले आणि सगुणाच्या नावाने बोंब ठोकली. ती बिचारी या वयात गडगा ओलांडून आली. आता नळ सोडला की कढत पाणी. आंघोळीच्या पाण्याला धुराचा वास येत नाही, त्याची मात्र रुखरुख लागते. खोटं कशाला सांगू?

पण खरी बातमी विहिरीची आहे. विहिरीकडच्या ज्या पाखाडीच्या पायऱ्यांवर श्रावणात तुम्ही छाती धरून बसलात, ती उतरून मोटर लावायला तुम्ही गेल्यापासून मीच जात होते. माझे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. उतरताना देवाचं नाव आणि चढताना तुमचं, अर्थात मनातल्या मनात! शेवटी गौरव वायरमन म्हणाला, काकू, मोटरला फोन करायचा, ती आपोआप सुरू होते. मी म्हटलं, मला खुळी समजतोस काय? पण त्याने पंपाच्या खोपटात एक डबा बसवला, त्यात सिमकार्ड घातलं, आणि आपल्या विहिरीला चक्क स्वतःचा नंबर आला. फोन लावला की एक बाई बोलते, वीज आहे म्हणून सांगते आणि एक दाबा म्हणते. पहिल्यांदा ती "नमस्कार" म्हणाली तेव्हा मीही नमस्कार केला, कोण कुठली ते सांगितलं आणि तिला विचारलं, जेवलीस का? ती आपलं तेच तेच बोलत राहिली आणि फोन ठेवूनही दिला. मला रागच आला. सगुणा पोट धरधरून हसत होती.

तिचं हसू मग माझ्याच हातून जिरलं. संकष्टीला आम्ही दोघी गणपतीपुळ्याला गेलो, तुमच्यासाठी बोलले होते ते फेडायला. मी फोनला कुलूप घालायला विसरले आणि येताना एसटीच्या धक्क्यांनी बटव्यातल्या बटव्यात तो मेला विहिरीला लागला आणि वर एकाचं बटणही दाबलं गेलं. इकडे मोटर सुरू, टाकी भरून वाहिली आणि पाणी थेट सगुणाच्या खळ्यात. तिने वाळत घातलेली सुकट पुन्हा समुद्रात गेल्यासारखी तरंगत होती. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन विचारते कशी, गो, तो डबा माझ्या विहिरीला बसेल का?

हे सगळं तुम्हाला हसवायला लिहिलं. हसलात का? वेदिका म्हणते, तुम्ही हल्ली हसत नाही. कोंबड्याच्या आधी उठणारा माणूस, तो ऊन वर आलं तरी अंथरुणात असतो, उठला की गॅलरीत बसून भिंतीकडे बघतो आणि पुढ्यात बांगडा ठेवला तरी अर्धा टाकून उठतो. गेल्या रविवारी मला म्हणालात, "बाग कुणाला तरी देऊन टाक आणि तूही इकडे ये. मी आता कसल्या कामाचा?" मी काही बोलायच्या आत फोन वेदिकाकडे. मग मी पडवीत तशीच बसून राहिले. भात करपल्याचा वास आला तरी उठले नाही. राग आला तुमचा. आणि रडूही आलं, फार आलं. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते. तेव्हा तुम्ही आजारी होतात, पण होतात.

आणि कामाचं म्हणाल, तर ऐका. आजारी पडायच्या आधी तुम्ही वरच्या कातळावर खड्डे मारून, माती भरून जी कलमं लावलीत, ती सगळी धरली. एकही गेलं नाही. लाल पालवी फुटली आहे त्यांना, पोरांच्या कानांसारखी लुसलुशीत. पण पाऊस सरला, आता त्यांना टाकीतलंच पाणी. तुम्हीच सांगता ना, कातळावर पहिली दोन वर्षं पाणी चुकलं की कलम मान टाकतं.

म्हणून हे पत्र. विहिरीचा तो डबा वाटेल त्याचं ऐकत नाही, ज्याचा नंबर त्यात घातलेला असतो त्याचंच ऐकतो. काल गौरवला बोलावून मी माझा नंबर काढायला लावला आणि तुमचा घातला. त्याने पुन्हा पुन्हा विचारलं, काकू, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. शुक्रवारपर्यंत हे पत्र तुम्हाला पोचेल, तोवर मी पाखाडी उतरेन. शनिवारपासून नाही. बटण हाताने दाबता येतं हे मला ठाऊक आहे, पण मी दाबणार नाही, आणि माझा हट्ट तुम्हाला नवा नाही. डॉक्टर हो म्हणाले की घरी या. पाखाडीला पाय लावायची गरज नाही, पडवीत बसून बाग शिंपा. तोवर पनवेलहून शिंपा. कातळ तापायच्या आत उठायचं आणि विहिरीला फोन लावायचा. माझ्याशी नाही बोललात तरी चालेल. मी चहा घेऊन मागच्या दारी बसलेली असेन. टाकीत पाणी पडायला लागलं की मी समजेन, माझा माणूस उठला.

तुमचीच,
दमयंती

ता. क. विहिरीचा नंबर मागच्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहिला आहे. मोटर बंद करायला तीन दाबायचं. विसरू नका, सगुणाने पुन्हा सुकट घातली आहे.