सदर बालिकेचा दात आणि माझी इतर मिळकत

मी, सौ. नंदिनी हृषीकेश करमरकर, वय सत्तेचाळीस, धंदा कपड्यांची दुरुस्ती, राहणार ब्लँचर्डस्टाउन, डब्लिन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाचे दडपण नाही, कोणी फूस लावलेली नाही. फक्त उजव्या पायाचा अंगठा ठणकतो आहे, आणि तो का ठणकतो हे आधी नोंदवल्याशिवाय मला पुढे लिहिणे शक्य नाही.

आमच्या जिन्याच्या पायथ्याशी लहान मुलांसाठीचे एक पांढरे फाटक आहे, अंगठा आपटला तो त्याच्यावर. ते उघडण्यासाठी वरची कळ दाबावी, ती दाबून धरूनच खालची ओढावी, मग अख्खे फाटक उचलून ढकलावे, अशी कंपनीची अपेक्षा आहे. धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन वर निघालेल्या बाईला हात किती असतात, याचा कंपनीने विचार केलेला दिसत नाही. चार वर्षांपूर्वी आम्ही फॉस्टर पालक होण्यासाठी, म्हणजे ज्या मुलांना स्वतःच्या घरी राहता येत नाही त्यांना सांभाळण्यासाठी, सरकारच्या बालकल्याण विभागाकडे अर्ज केला. पुढे त्यातलेच एखादे मूल दत्तक मिळेल ही आशा. तेव्हा घर तपासायला आलेल्या बाईंनी हे फाटक बसवायला लावले. घरात मूल नव्हते. पुढची तीन वर्षेही नव्हते. तीन वर्षे दोन प्रौढ माणसे या फाटकाने जिन्यावरून पडण्यापासून वाचली. शेवटी मूल आले ते पाच वर्षांचे. ते हे फाटक एका हाताने उघडते. दुसऱ्या हातात टोस्ट असतो.

सबब, कलम एक: सदर फाटक मी विभागाला परत करते. स्क्रू त्यांनी आणावेत.

कलम दोन. मृत्युपत्र करायची हौस माझी नाही. आमच्या सोशल वर्कर ओरला (या तिसऱ्या, पहिल्या दोघी नोकरी सोडून गेल्या आणि दोन्ही वेळा आमची फाइल माझ्या जन्मापासून पुन्हा सुरू झाली) मागच्या भेटीत म्हणाल्या, "विल केलंय ना तुम्ही?" कचऱ्याचा डबा बाहेर ठेवलात ना, असे विचारावे तसे. केले नव्हते. वकिलाने सांगितले, तुम्हाला काय हवे ते आधी तुमच्या शब्दांत लिहून काढा. माझे शब्द मराठी आहेत. इंग्रजी करण्याचे काम माझी मैत्रीण रुचा करील आणि हे मृत्युपत्र अमलात आणण्याचेही तीच करील. तिने टोमणे गाळू नयेत.

कलम तीन. आमच्याकडे एक वर्षापासून राहणाऱ्या मुलीचे नाव नियमाप्रमाणे कुठल्याही कागदावर लिहिता येत नाही. म्हणून या दस्तात तिला 'सदर बालिका' म्हटले आहे. तिला हे आवडणार नाही. तिला 'चिमणे' म्हटलेलेही आवडत नव्हते, आता त्याशिवाय हाक ऐकू येत नाही. मराठी तिला सगळे कळते, उत्तर मात्र थेट डब्लिनहून येते.

मी वकिलाला विचारले की माझ्यामागे तिचे काय, ते या कागदात कसे लिहायचे. त्यांनी शांतपणे सांगितले की मूल ही मिळकत नव्हे. ती तुमच्या नावावर नाही, त्यामुळे तुम्ही तिच्याबद्दल काहीच लिहून ठेवू शकत नाही. मी म्हटले, बरोबर आहे. मग मी गाडीत येऊन बसले आणि पार्किंगचे पैसे दुप्पट झाले.

येत्या गुरुवारी न्यायाधीश ठरवणार आहेत की सदर बालिका आमच्याकडे कायमची राहणार, म्हणजे दत्तकाचा रस्ता उघडणार, की किलकेनीला तिच्या आईच्या चुलतबहिणीकडे जाणार. ही चुलतबहीण जूनमध्ये उगवली. मी तिला भेटले आहे. दुर्दैवाने बाई चांगली आहे.

कलम चार. राहते घर बँकेचे आहे. बँकेचे फिटल्यावर जे उरेल ते माझे पती हृषीकेश यांचे. हे गृहस्थ लिक्सलिपला चिपच्या कारखान्यात अशा खोलीत काम करतात जिथे धुळीचा कण दिसला तर भोंगा वाजतो. घरी त्यांचे मोजे सोफ्यामागे सापडतात, भोंगा मला वाजवावा लागतो. औषधांच्या कपाटाला, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसला, विभागाच्या सांगण्यावरून कुलूप लावले आहे. किल्ली कुठे आहे हे फक्त मला आणि सदर बालिकेला माहीत आहे. त्यांनी तिला विचारावे.

कलम पाच. माझे शिलाई मशीन, दोन्ही कात्र्या आणि पिना उचलायचे लोहचुंबक सदर बालिकेला. ती कुठेही राहो. दुकानात माझ्या टेबलाखाली बसून ती पिना गोळा करते आणि गिऱ्हाइकांचे बूट कसे आहेत ते मला नंतर सांगते. मोठ्या कात्रीने कोणीही कागद कापू नये. यात हृषीकेश आले.

वरच्या फळीवर पांढरे सॅटिन आहे, मलमलीत गुंडाळलेले. इथल्या मुलींच्या फर्स्ट कम्युनियनचे, म्हणजे सात-आठ वर्षांच्या कॅथलिक मुलांच्या चर्चमधल्या विधीचे, झगे मी बारा वर्षे आत घेते, बाहेर सोडते, त्यांच्या आज्यांची भांडणे ऐकते. पहिल्या सोशल वर्करने मला विचारले होते, मूल कॅथलिक असले तर तुम्ही त्याला चर्चला न्याल का? मी म्हटले, बाई, लेस कुठे खाजते हे मला त्यांच्या फादरपेक्षा जास्त ठाऊक आहे. हे उत्तर फाइलमध्ये 'उमेदवार विषय टाळतात' असे नोंदले गेले. सदर बालिकेची कम्युनियन दीड-दोन वर्षांनी आहे. सॅटिन तिचे. अजून कापलेले नाही, कारण माप गुरुवारनंतर घ्यायचे ठरवले आहे.

कलम सहा. महाराष्ट्र मंडळाचे सचिव अंबरीश देवस्थळी यांना आम्ही आमच्याबद्दल चांगले बोलण्यासाठी नेमले होते. त्यांनी विभागाला लिहून कळवले की नंदिनीताईंची जीभ तिखट आहे पण मन फार मोठे आहे. मोठ्या मनाबद्दल कोणी काही विचारले नाही. जिभेवर विभागाच्या समितीने पाऊण तास घेतला. आमच्या दिवाळी अंकातला माझा लेख भाषांतर करून मागवला, त्यात मी मंडळाच्या शिऱ्याची तुलना भिंतीला लावायच्या लांबीशी केली होती. मुलाच्या जेवणावरही तुम्ही अशी टीका कराल का, असे विचारण्यात आले. कायद्याने साक्षीदाराला मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. म्हणूनच मी अंबरीश यांना साक्षीदार केले आहे.

कलम सात. माझ्या सासूबाई, श्रीमती पद्मजा करमरकर, सांगली. मार्चमध्ये त्या तीन महिन्यांसाठी आल्या. मूल असलेल्या घरात राहायचे तर पोलीस तपासणी लागते.

"म्हणजे मी चोर आहे का ते पोलीस बघणार?"

"आई, सगळ्यांचंच बघतात. माझंही बघितलं."

"तुझं बघू देत. सांगलीचे निम्मे फौजदार माझ्या वर्गात अंगठे धरून उभे होते."

"मग त्यांच्याकडूनच दाखला आणा."

त्यांनी आणला. त्यावर चुकीच्या जागी शिक्का होता म्हणून पुन्हा आणला.

सदर बालिका आणि त्या यांचे पहिल्या दिवसापासून जमले. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरी मराठी बोलत नाही, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. एका दुपारी सासूबाईंनी दिलेल्या शेंगदाण्याच्या चिक्कीत सदर बालिकेचा पहिला दात निघून आला. मी दुकानात होते. सासूबाईंनी तिला मागच्या अंगणात नेले आणि दात शेडच्या छपरावर फेकायला लावला.

"टाक वर. जोरात. उंदीरमामा तो नेईल आणि तुला छान बारीक दात देईल."

"व्हॉट माऊस?"

"हो, माऊस."

तीन वेळा दात खाली घरंगळला, चौथ्यांदा वर राहिला. दोघी टाळ्या वाजवत आत आल्या. मी घरी आल्यावर हे ऐकून हसले. आमच्याकडे असेच करतात. इथे दात उशीखाली ठेवतात, परी येऊन तो नेते आणि पैसे ठेवते, हे मला ऐकून माहीत होते. पण दात तर छपरावर गेला, विषय संपला असे मला वाटले.

सकाळी तिने उशी उचलली, मग गादी उचलली. हे मला नंतर कळले. तिने आम्हाला काही विचारले नाही. महिन्याभराने ओरला आल्या तेव्हा त्यांना सांगितले: परी या घरी येत नाही. तिच्याकडे फक्त खऱ्या घरांचे पत्ते असतात.

ओरलांनी ते लिहून घेतले. त्यांचा तो कामाचाच भाग आहे. मी म्हटले, आज रात्री दोन युरो ठेवते उशीखाली.

"नको, नंदिनी. आता ते रिपोर्टमध्ये आहे. सुनावणीच्या आधी तुम्ही काही केलंत तर मुलीला पढवलं असं दिसेल. तोपर्यंत राहू दे तसंच. इट्स ग्रँड."

या देशात 'ग्रँड' म्हणजे काहीही होणार नाही, चहा प्या. सुनावणी जूनमध्ये होती, ती सप्टेंबरवर गेली, सप्टेंबरची पुढे गेली. चार वर्षे मी विचारल्याशिवाय एक खिळा ठोकला नाही. देवापुढचे निरांजन विझवले आणि बॅटरीचा दिवा आणला, कारण ज्योत उघडी होती. माझ्या आईच्या मृत्यूचे मला किती दुःख झाले हे तीन बायांना तीनदा सांगितले, आणि तिसऱ्या वेळी रडू आले नाही म्हणून काळजी वाटली. मग हेही ऐकले. दाताच्या विषयाला हात लावला नाही.

सासूबाईंच्या मोत्याच्या कुड्या माझ्याकडे आहेत. त्या सदर बालिकेला द्याव्यात. सासूबाई सध्या फोनवर रोज विचारतात, "उंदराचं काय झालं, मी चूक केली का गं?" नाही, आई. हे इथे लेखी देते.

कलम आठ. परवा शाळेतून येताना सदर बालिका मागच्या सीटवर जिभेने दात हलवत होती. हा दुसरा. मी म्हटले, हलतोय का गं? ती तिच्या इंग्रजीत म्हणाली, हो, पण हा मी गुरुवारनंतर पाडणार आहे.

"का?"

"तेव्हा मला कळेल ना, कुठल्या उशीखाली ठेवायचा."

मी सिग्नलला उभी होते. मागच्याने हॉर्न दिला.

कलम नऊ, देणी. बँक सोडली तर मी कोणाचे काही देणे लागत नाही. एक देणे बाकी आहे: सदर बालिकेस, पहिल्या दाताबद्दल, दोन युरो. हे मी रुचावर सोडत नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला आणि माझ्या सहीने पक्का केला. साक्षीदारांनी माझी सही होताना पाहिली, मजकूर वाचलेला नाही. मिसेस ब्रेनन यांना मराठी येत नाही. अंबरीश यांना येते, म्हणून पानावर हात ठेवला होता.

सही: नंदिनी हृषीकेश करमरकर

साक्षीदार:
१. अंबरीश देवस्थळी, ब्लँचर्डस्टाउन
२. मॉरीन ब्रेनन, शेजारच्या घरी

स्थळ: ब्लँचर्डस्टाउन
दिनांक: १० ऑक्टोबर २०२५

नोंद, त्याच दिवशी. कलम नऊमधील देणे सह्या झाल्यावर, सदर बालिका शाळेतून यायच्या आत, तिचे अंथरूण घालताना फेडले. नाणे पाकिटात घालून उशीखाली ठेवले आहे. पाकिटावर डाव्या हाताने लिहिले, कारण माझे अक्षर ती ओळखते. वर तिचे नाव, आडनावासकट, पूर्ण. खाली आमचा पत्ता, एअरकोडसकट, म्हणजे इथल्या पिनकोडसकट. विभागाला कळवलेले नाही.