दोन चांगल्या गोष्टी आणि एक सुधारणा

तीर्थस्वरूप नानाजी मामांना,

धाकट्या भाच्याचा, म्हणजे बंटीचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा बीपी कसा आहे? मामी गुडघ्याला सध्या कोणतं तेल लावतात तेही कळवा, कारण मागच्या तेलाचा वास मला पांढरकवड्याच्या स्टँडपर्यंत आला होता. इकडे मी खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर लावून खाटेवर ठेवता आणि पेपर वाचत बसता, त्यामुळे मी काय बोललो ते तुमच्याआधी अर्ध्या केळापूरला कळतं. आणि स्पीकर या वस्तूनंच सध्या माझा घात केला आहे. म्हणून हे पोस्टाचं पाकीट.

तुम्ही मुख्याध्यापक होता तेव्हा बरं होतं. "पाहिले", "अक्षर सुधार" आणि "पालकांना घेऊन ये" एवढ्यावर तुमची तीस वर्षं निघाली. (माझ्या चौथीच्या वहीत तुम्ही नुसतं "गाढव" लिहून खाली तारखेसह सही केली होती. ती वही आईनं अजून ठेवली आहे.) आता तसं चालत नाही. दिवाळीनंतर आम्हा गुरुजी लोकांचं प्रशिक्षण झालं. त्यात सांगितलं की मुलाला अभिप्राय लगेच मिळाला पाहिजे, आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग एक सुधारणा. नुसतं "छान" म्हणायचं नाही, मुलाचं वाक्य वाचून दाखवायचं आणि ते का छान आहे ते सांगायचं. आणि हे सगळं मोबाईलमध्ये बोलून घरी पाठवायचं, म्हणजे ज्या आईबापांना वाचता येत नाही त्यांनाही कळेल. प्रशिक्षण खरोखर चांगलं होतं. मठ्ठाही चांगला होता.

मी जोमात सुरुवात केली. आमच्या शाळेत नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीच्या चौथ्या पायरीवर मिळतं, त्यामुळे मी रोज तिथं बसून एकोणीस पोरांचे अभिप्राय बोलायचो आणि खाली पाण्याचे गुंड भरणाऱ्या बाया ते फुकटात ऐकायच्या. पहिल्या आठवड्यात एक घोटाळा लक्षात आला. पालक पहिल्या दोन चांगल्या गोष्टी ऐकायचे आणि खूश होऊन फोन खिशात टाकायचे. सुधारणेपर्यंत कोणी पोचतच नव्हतं. त्यामुळे सगळ्या गावाला आपापलं पोरगं एकदम हुशार असल्याचा शोध लागला. शंकरसिंग तर पोराला घेऊन शाळेत आला, याला चौथीत कायले ठेवलं, आत्ताच पाचवीत घाला म्हणाला. त्या पोराला अजून सातचा पाढा येत नाही. तेच तर मी सुधारणेत सांगितलं होतं.

पण मूळ गोष्ट नलूची आहे. नलू चौथीत आहे. बाप मारोती, आई नंदाबाई. मारोती विमलमावशीचा ट्रॅक्टर चालवतो आणि नंदाबाई मावशीच्याच वावरात कापूस वेचते. (विमलमावशी तुमची सख्खी धाकटी बहीण आणि माझी सख्खी मावशी आहे हे तुम्हाला सांगायला नको, पण सध्या ती हे नातं मान्य करत नाही, म्हणून लिहून ठेवतो.) मी मुलांना निबंध दिला, "माझी आई". अठरा पोरांची आई प्रेमळ होती, पहाटे उठत होती आणि स्वयंपाक करत होती. एकट्या नलूनं लिहिलं की माझी आई घरी आली की मालकिणीची नक्कल करते. पदर कमरेला खोचते, पोट पुढं काढते, एक हात मागं ठेवून डुलत डुलत चालते आणि आम्ही पोट दुखेस्तोवर हसतो, मग आईचे पाय दुखायचे थांबतात. नानाजी, मी अकरा वर्षं शिकवतो आहे. असं वाक्य माझ्या वर्गात कोणी लिहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी टाकीच्या पायऱ्या पळत चढलो.

अभिप्राय अगदी नियमानुसार दिला. पहिली चांगली गोष्ट, नलू, तू डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलंस. दुसरी चांगली गोष्ट म्हणून तिचं वाक्य सगळंच्या सगळं वाचून दाखवलं आणि वर म्हणालो की, वाचताना विमलमावशी माझ्यासमोरून चालत गेली, अगदी तश्शीच. सुधारणा एवढीच, की पूर्णविराम देत जा. आणि पाठवून दिलं मारोतीच्या फोनवर.

आता मारोतीची पद्धत अशी, की त्याचा फोन ट्रॅक्टरवर बांधलेल्या स्पीकरला कायम जोडलेला असतो. एरवी त्यावर गाणी असतात. त्या दिवशी माझा आवाजी निरोप आलेला दिसला तसं त्यानं ट्रॅक्टर बंद केला आणि उभा राहून ओरडला, "थांबा व बायाहो, माह्या पोरीचं सरांकडून आलं." सतरा बायांनी वेचणी थांबवली. बापाला पोरीचं कौतुक सगळ्यांना ऐकवायचं होतं, त्याचा काय दोष? वावराच्या कडेला, धुऱ्यावर विमलमावशी उभी होती. पदर कमरेला खोचलेला, एक हात मागं. पुढचं तुम्हाला सांगायची गरज नाही. बाया हसू दाबायला कपाशीच्या झाडांमागं बसल्या म्हणे. मावशी तडक घराकडे निघाली, आणि जाताना डुलू नये म्हणून इतकी ताठ चालली की बायांचा उरलासुरला धीर सुटला.

नंदाबाईनं ओटीतला कापूस ढिगावर रिकामा केला आणि तीही घरी गेली. तेव्हापासून ती मावशीच्या वावरात पाय ठेवत नाही. नलूची वही तिनं पेटीत टाकून कुलूप लावलं आहे. मी घरी गेलो तर म्हणाली, "सर, घरातली गोठ घरात ऱ्हाते. लिहाले शिकवलं तुमी, अन् वावरात वाजवलंबी तुमीच." आठ दिवस झाले, नलू शाळेत आली नाही. तिची जागा खिडकीजवळ आहे. मी फळ्याकडे तोंड करून शिकवतो, कारण तिकडे बघवत नाही. चूक माझी आहे, नानाजी. तिनं विश्वासानं वहीत लिहिलं होतं.

बाकी सर्व ठीक. थंडी चांगली आहे. तूर फुलावर आहे. मामींना नमस्कार, आणि खाटेवरच्या फोनलाही.

तुमचा,
बंटी (शाळेत मला सर म्हणतात)

ता.क. एवढं लांबण लावलं ते एका विनंतीसाठी. नंदाबाई सोमवारी नलूला घेऊन आर्णीला भावाकडे राहायला जाणार आहे. एकदा गेली की ती पोरगी शाळेतून गेली. मावशी फक्त तुम्हाला घाबरते. रविवारी या आणि तिला समजवा, की नंदाबाईला परत बोलाव. गुडघ्याचं कारण सांगू नका, बस दारापर्यंत येते.

ता.क. २. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून आज आणखी लिहितो. तुम्ही येईपर्यंत धीर निघाला नाही, काल मीच मावशीकडे गेलो. तिचा राग नंदाबाईवर नव्हताच. म्हणाली, "नंदा माही नक्कल करते हे मले धा वर्सापासून ठाऊक हाये. तू मास्तर होऊन तश्शीच म्हनतं, त्याचं काय?" मग पायात चपला घालून थेट नंदाबाईच्या अंगणात गेली आणि म्हणाली, दाखव करून. नंदाबाई आधी रडली, मग पदर खोचला आणि चालून दाखवलं. मावशीनं शेवटपर्यंत पाहिलं. म्हणाली, पदर बराबर हाये, चालबी बराबर हाये, पोट तेवढं कमी कर. मावशी कोणत्याही प्रशिक्षणाला गेलेली नाही. आज नंदाबाई वेचणीला गेली आणि नलू खिडकीजवळ बसली आहे.

ता.क. ३. तरी रविवारी याच. मावशीकडून रोज येणारा माझा जेवणाचा डबा तिनं अजून बंद ठेवला आहे, आठवडाभर मी बिस्किटांवर आहे. दुसरं म्हणजे, नलूनं आज आपल्या मनानं नवा निबंध आणून दिला, "आमचे सर". मी टाकीवर कसा चढतो, फोन कसा आभाळाकडे धरतो आणि पालक आले की पोट कसं आत ओढतो, हे चार पानं लिहिलं आहे. यावेळी मी अभिप्राय पेन्सिलीनं तिच्या वहीतच लिहितो आहे. दोन चांगल्या गोष्टी लिहून झाल्या. सुधारणेच्या जागी मघापासून थांबलो आहे, कारण पूर्णविराम सगळे जागच्या जागी आहेत.