बाबा, ऐका ना

दादा,

रागावूनच लिहितेय. अर्धांगाच्या झटक्यापासून बाबा बोलत नाहीत. त्यांना काही कळतच नाही, असं सगळे धरून चाललेत. संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एमआरआयच्या मशीनमध्ये झोपवून घरच्यांचे आवाज ऐकवले. माझ्या आवाजाला मेंदू ढिम्म! तुझ्या आवाजाला मात्र पडद्यावर लखलखला. रोज भरवायचं मी, आणि लाड तुझे!

तुझा एकच आवाज होता माझ्याकडे. घर सोडलंस तेव्हा फोनवर ठेवलेला निरोप, ‘बाबा, ऐका ना’ने सुरू होऊन भांडणात संपणारा.

हे पत्र पाठवणार नाही. यायचं तर आपणहून ये. तोवर रोज बाबांच्या कानाशी फोन धरते, ‘बाबा, ऐका ना’ एवढंच ऐकवते, आणि तू ओरडायच्या आत बंद करते.

तुझी,
नकटी